बाहेर बसण्याचे वर्ष

२०१८-१९ च्या हंगामात आमच्या विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचे ३० सामने झाले आणि त्यांपैकी एकाही सामन्यात मी क्षणभरही मैदानावर उतरले नाही. मला दुखापत झालेली नव्हती, मी कोणत्या विषयात नापास झालेले नव्हते आणि माझ्यावर शिस्तभंगाची कारवाईही चालू नव्हती. मी एका अमेरिकन विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेले होते, एवढेच कारण होते. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एन.सी.ए.ए. या संस्थेचा तेव्हाचा नियम असा होता की, डिव्हिजन वन या सर्वोच्च श्रेणीत विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूने नव्या ठिकाणी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष काढल्याशिवाय सामना खेळता कामा नये. पोहणाऱ्या, धावणाऱ्या, टेनिस किंवा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींना यातून एकदा सूट मिळत असे. पुरुषांचे व महिलांचे बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉलची वरची श्रेणी, बेसबॉल आणि पुरुषांची आईस हॉकी या पाच खेळांना मात्र ती सूट नव्हती.

ही गोष्ट मराठीत सांगताना माझ्या तोंडी ‘बाहेर बसणे’ हेच शब्द आले आणि ते उच्चारताना आपल्या घरांत त्यांना कोणता अर्थ आहे, याचे भान मला राहिले नाही. वर्ध्याजवळच्या गावी राहणाऱ्या माझ्या आजीला मी फोनवर सांगितले की, आता मी वर्षभर बाहेर बसणार आहे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने विचारले, “काहून बसवलं वं तुले बाहेर?” आजीने तरुणपणी दर महिन्याचे चार दिवस घराच्या मागच्या पडवीत काढले होते, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, पाण्याच्या हंड्याला शिवायचे नाही आणि जेवण कोणीतरी वरून वाढील तेव्हा जेवायचे. हे तसे नाही, हा खेळाचा नियम आहे, मला सराव करता येईल, शिकता येईल, शिष्यवृत्तीही मिळेल, फक्त सामना खेळता येणार नाही, असे मी तिला घाईघाईने समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “पंगतीत बसवतात का पण?” मी हो म्हटले. तेव्हा ऑगस्ट चालू होता, संघ अजून कुठे प्रवासाला निघाला नव्हता आणि माझे उत्तर अर्धेच खरे आहे, हे मला ठाऊक नव्हते.

मी बारा वर्षांची असताना, २०१० मध्ये, वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही नागपूरहून न्यू जर्सीला आलो. चेंडू हातात पहिल्यांदा घेतला तो नागपूरच्या सिमेंटच्या मैदानावर. लाकडी जमिनीवर खेळायला मिळाले ते इथे आल्यानंतर. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत काही विद्यापीठांच्या प्रशिक्षकांची पत्रे येऊ लागली आणि त्यांतल्या एका मध्यम ताकदीच्या संघाने मला शिष्यवृत्ती देऊ केली. २०१६ साली मी तिथे दाखल झाले. मला निवडणाऱ्या प्रशिक्षक आमच्या घरी येऊन गेल्या होत्या, आईच्या हातचा चहा त्यांनी घेतला होता आणि चार वर्षे मुलीकडे लक्ष देईन, असे त्या मनापासून म्हणाल्या होत्या. पहिल्या वर्षी मी सरासरी २२ मिनिटे खेळले. तो हंगाम संपल्यावर तीन आठवड्यांतच त्या प्रशिक्षक दुसऱ्या, अधिक मोठ्या विद्यापीठात रुजू झाल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नव्या संघाच्या बाकासमोर उभ्या राहून सामना चालवताना मला दूरचित्रवाणीवर दिसल्या. त्यांना कोणी वर्षभर बाहेर बसवले नाही. मला त्यांचा राग आला नाही, आजही नाही. चांगली संधी आली की माणसाने ती घ्यावी, हे मला मान्य आहे. पण तोच नियम त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी वेगळा का असावा, या प्रश्नाचे पटणारे उत्तर मला त्यानंतर कोणीही दिलेले नाही.

नव्या प्रशिक्षकांची खेळाची पद्धत वेगळी होती. त्यांना उंच, अंगाने भक्कम गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेत खेळ रचणाऱ्या खेळाडू, हव्या होत्या आणि मी पाच फूट सहा इंचांची. दुसऱ्या वर्षी माझी मिनिटे सहावर आली. २०१८ च्या मार्चमध्ये हंगाम संपल्यावर मी त्यांची वेळ मागून घेतली आणि मला दुसरीकडे जायचे आहे, असे सांगितले.

तेव्हाची पद्धत आजच्या खेळाडूंना सांगितली तर त्यांना ती खरी वाटत नाही. खेळाडूने आधी आपल्याच विद्यापीठाकडे लेखी परवानगी मागायची, की दुसऱ्या संघांच्या प्रशिक्षकांनी माझ्याशी बोलावे यास आपली हरकत नसावी. ही परवानगी मिळेपर्यंत कोणत्याही प्रशिक्षकाने माझ्या फोनला उत्तर देणे हा नियमभंग ठरला असता. परवानगी नाकारली तरी खेळाडूला जाता येत असे, पण मग नव्या विद्यापीठाला तिला पहिल्या वर्षी खेळाची शिष्यवृत्ती देता येत नसे. म्हणजे वर्षभर सामना नाही आणि फीसुद्धा घरची. त्या वेळी ज्या कुटुंबाला हा खर्च झेपणारा नव्हता, त्या मुलीच्या दृष्टीने ही परवानगी म्हणजेच सर्व काही होते. आमचे कुटुंब त्यांतलेच होते. मी अर्ज केला, तो कम्प्लायन्स ऑफिसात, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयात गेला, आणि पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी उठल्यावर प्रथम ईमेल पाहत असे. परवानगी आली ती काही विद्यापीठे वगळून: आमच्या परिषदेतली, म्हणजे ज्या गटात आम्ही नियमित खेळत होतो त्यातली, सगळी आणि शिवाय माझ्या जुन्या प्रशिक्षक गेल्या होत्या ते. या वगळण्याविरुद्ध विद्यापीठाच्या समितीपुढे दाद मागता आली असती. पण मला त्या ठिकाणी जायचे नव्हते आणि दिवस जात होते, म्हणून मी ती मागितली नाही. आज वाटते, मागायला हवी होती. माझ्यासाठी नसली तरी पुढच्या मुलीसाठी एक नोंद राहिली असती.

मे महिन्यात मी दोन विद्यापीठे प्रत्यक्ष पाहून आले आणि दुसऱ्या ठिकाणी मन स्थिरावले. तिथल्या मुख्य प्रशिक्षक पहिल्याच भेटीत म्हणाल्या की, पुढचे वर्ष तुला जड जाणार आहे, हे मी लपवणार नाही. पण आमच्या सराव-संघाला खेळाची सूत्रे हलवणारी चांगली पॉईंट गार्ड हवी आहे आणि तू आम्हाला पहिल्या दिवसापासून हवी आहेस. खेळता येणार नाही अशा मुलीला ‘हवी आहेस’ असे कोणी म्हणावे, याचे त्या वेळी किती मोल वाटले, ते मी आजही विसरलेले नाही.

सूट मागण्याचा प्रश्न त्याच सुमारास आला. सामन्यांच्या बंदीतून माफी मागता येत असे आणि ती ‘वेव्हर’ या नावाने ओळखली जाई. आमच्या डोळ्यांसमोर दोन्ही प्रकारची उदाहरणे होती. जेसिका शेपर्ड २०१७ मध्ये नेब्रास्काहून नोत्र दामला गेली, तिला माफी मिळाली, ती लगेच खेळली आणि १ एप्रिल २०१८ रोजी, म्हणजे माझा अर्ज कार्यालयात पडून होता त्याच दिवसांत, नोत्र दाम राष्ट्रीय विजेते झाले. उलट अलिशा ग्रे नॉर्थ कॅरोलिनाहून आणि केला डेव्हिस जॉर्जिया टेकहून साऊथ कॅरोलिनाला आल्या, तेव्हा दोघींनी २०१५-१६ चा संपूर्ण हंगाम बाहेर काढला आणि पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, त्याच संघाकडून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. माफीसाठी खेळाडूचे आरोग्य, सुरक्षितता किंवा हित यांवर थेट परिणाम करणारी, तिच्या हाताबाहेरची आणि कागदोपत्री सिद्ध होणारी परिस्थिती दाखवावी लागे. प्रशिक्षक बदलणे आणि मिनिटे कमी होणे यांत ते बसत नव्हते. ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवले की, मानसिक त्रासाचे प्रमाणपत्र जोडले तर काम होईल. त्या दुसऱ्या वर्षी मी दुःखी होते, हे खरे होते. पण आजारी नव्हते, आणि ज्या मुली खरोखर आजारी असतात त्यांच्यासाठी ठेवलेल्या दारातून मी आत शिरणे आईला पटले नाही, मलाही नाही. नव्या विद्यापीठाने माझ्या वतीने माफीचा अर्ज केला नाही. आम्ही वर्ष बाहेर काढायचे ठरवले.

यानंतर जे गणित आले ते खेळाचे नव्हते, पण त्याच्यावर माझा खेळ अवलंबून होता. डिव्हिजन वनमध्ये तेव्हा खेळाडूला पूर्णवेळ प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षे मिळत आणि त्या पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत. हे घड्याळ एकदा सुरू झाले की सहसा थांबत नसे. बाहेर बसण्याचे वर्षही त्यातूनच वजा होई. म्हणजे दुखापतीसारख्या प्रसंगासाठी जे एक वर्ष पदरात राखीव असे, ते विद्यापीठ बदलताना खर्ची पडे. महिला बास्केटबॉलमध्ये गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहे आणि माझ्या वयाच्या प्रत्येक खेळाडूला तो तुटलेली एखादी तरी मैत्रीण माहीत असते. राखीव वर्ष हातात नाही, हे मनाशी धरून पुढचे दोन हंगाम मी प्रत्येक उडीनंतर जमिनीवर उतरले आहे.

दुसरे गणित श्रेयांकांचे, म्हणजे पदवीसाठी जमवायच्या क्रेडिट्सचे, होते. नियमाप्रमाणे तिसऱ्या वर्षात येताना पदवीचे ४० टक्के, चौथ्यात येताना ६० टक्के आणि पाचव्यात येताना ८० टक्के काम पूर्ण असावे लागते. मी जुन्या ठिकाणी ६३ श्रेयांक मिळवले होते. नव्या विद्यापीठाने त्यांतले ५० माझ्या संख्याशास्त्राच्या पदवीत धरले आणि बाकीचे नुसते नोंदवहीत राहिले. १२० श्रेयांकांच्या पदवीचे ६० टक्के म्हणजे ७२. तेव्हा त्या एका वर्षात किमान २२ श्रेयांक, तेही पदवीत धरले जाणारेच, मिळवले नाहीत तर वर्षभर बाहेर बसूनही पुढच्या हंगामात मी अपात्र ठरले असते. बाबांनी एक तक्ता करून तो स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर लावला होता. या नियमामागे खेळाडूला नव्या ठिकाणी अभ्यासाची घडी बसवायला वेळ मिळावा, असा हेतू सांगितला जात असे. माझा अनुभव असा की, अभ्यास बदललेल्या मुलीला मदत हवी असते ती श्रेयांक वाया न जाऊ देण्याची आणि चांगल्या सल्लागाराची. सामन्याच्या दिवशी तिला घरी ठेवल्याने त्यांतले काहीच साधत नाही. महिला बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली तर पदवी पूर्ण करण्यात पुरुष खेळाडूंच्या कितीतरी पुढे होत्या आणि आहेत.

ऑक्टोबरमध्ये सराव सुरू झाला. नियमाने आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. या २० तासांत माझ्यात आणि इतर मुलींत काही फरक नव्हता. धावणे तेच, वजने तीच, चुकल्यावर बोलणी तीच. फरक पडे तो प्रतिस्पर्ध्याची तयारी सुरू झाली की. अमेरिकेतील बहुतेक मोठे महिला संघ सरावासाठी विद्यापीठातलेच काही विद्यार्थी, मुलगे, बोलावतात. त्यांनी शाळेत बास्केटबॉल खेळलेले असते आणि त्यांनाही पूर्णवेळ विद्यार्थी असण्यासह पात्रतेचे नियम पाळावे लागतात. हे सहा मुलगे आणि मी मिळून ‘स्काउट टीम’ होई. आमचे काम म्हणजे येत्या सामन्यातला प्रतिस्पर्धी संघ होणे. सहायक प्रशिक्षक माझ्या हाती एक कागद आणि वीस मिनिटांची चित्रफीत देत आणि पुढचे तीन दिवस मी ‘मी’ नसे.

एका आठवड्यात मी डावखुरी गार्ड होते, जी सहकारी खेळाडूने प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून ‘स्क्रीन’ दिल्यावर नेहमी दोनच ड्रिबल घेऊन थांबे आणि उडी मारून फेकी. दुसऱ्या आठवड्यात मी अशी नेमबाज होते, जी चेंडू हाती नसताना बास्केटखालून सतत पळत राही आणि तिला अडवणारी मुलगी दमल्यावरच तीन गुणांच्या रेषेबाहेर उभी राही. डाव्या हाताने खेळायचे तर नुसता हात बदलून भागत नाही. पहिले पाऊल बदलते, खांदा कुठे झुकतो ते बदलते, नजर आधी कुठे जाते ते बदलते. मी रात्री खोलीत आरशासमोर ते पाऊल टाकून पाहत असे. माझे अनुकरण जितके नेमके, तितकी माझ्या संघातली मुलगी शनिवारी सावध, असा तो व्यवहार होता आणि त्यात मला खरी गोडी लागली. स्वतःचा खेळ बाजूला ठेवून दुसरीचा खेळ अंगात आणताना बास्केटबॉल मला जितके समजले, तितके त्याआधीच्या आठ वर्षांत समजले नव्हते.

एक प्रसंग सांगते. डिसेंबरात मी एका प्रतिस्पर्धी पॉईंट गार्डची भूमिका करत असताना माझ्या ध्यानात आले की, आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच खेळाडू, पिक अँड रोलच्या वेळी, म्हणजे एकीने आड उभे राहून चेंडूवालीला वाट करून देण्याच्या डावात, कंबर थोडी लवकर वळवते आणि त्यामुळे मधून जायला हातभर वाट मोकळी होते. मी त्या वाटेने सलग तीनदा गेले. सहायक प्रशिक्षकांनी खेळ थांबवला, मला पुन्हा सावकाश तसेच करायला लावले आणि सेंटरला तिचे पाऊल दाखवले. शनिवारी घरच्या मैदानावर चौथ्या क्वार्टरमध्ये तीच गार्ड त्याच वाटेने आली आणि ती वाट बंद होती; चेंडू सेंटरच्या हाताला लागून बाहेर गेला. सेंटरने बाकाकडे वळून माझ्याकडे बोट दाखवले. मी साध्या कपड्यांत बाकाच्या टोकाला उभी होते. सामन्याच्या नोंदपत्रकात त्या अडवणुकीसमोर तिचे नाव आहे आणि ते तसेच असायला हवे. पण तिचे ते बोट मी जपून ठेवले आहे.

सराव संपला की ते सहा मुलगे आपापल्या वर्गांना निघून जात. मी संघाच्या खोलीत जाई, जिथे माझे नाव लावलेले कपाट होते. दोन तास मी प्रतिस्पर्धी असे आणि मग पुन्हा घरची होई. पहिले काही आठवडे हे ओलांडणे मला कठीण गेले. मी खोलीत कमी बोलत असे, कारण जिंकण्या-हरण्यावर बोलण्याचा आपला अधिकार नाही, असे वाटे. नोव्हेंबरात एका चौथ्या वर्षाच्या मुलीने मला सरळ विचारले की, तुला आमच्या बचावातले काय दिसते ते तू सांगत का नाहीस, तू तर आम्हाला समोरून पाहतेस. त्यानंतर मी बोलू लागले.

पण गुरुवारी दुपारी बस सुटायची. बाहेरगावच्या सामन्यांना मला संघासोबत नेता येत नव्हते. अपात्र खेळाडूच्या प्रवासावर विद्यापीठाने खर्च करायचा नाही, असा नियम. व्यवस्थापक मुले चेंडूंच्या पिशव्या आणि पाण्याच्या पेट्या बसच्या पोटात भरत, एकेक मुलगी उशी बगलेत धरून पायऱ्या चढे आणि मी त्यांना हात करून व्यायामशाळेकडे वळे. आजीने विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला त्या गुरुवारांनी दिले. सरावाला मी होते, वर्गात होते, घरच्या मैदानावर बाकावर होते. पण हॉटेलातले सामन्याआधीचे जेवण, बसमधला परतीचा अंधार, हरल्यावर कोणी कोणाच्या शेजारी बसायचे, यांतले काहीही माझ्या वाट्याचे नव्हते. संघ घडतो तो बराचसा तिथेच. सोमवारी त्या परत आल्या की त्यांच्या बोलण्यात नवे शब्द असत, एखाद्या गोष्टीवर सगळ्या एकदम हसत आणि मग कोणीतरी माझ्याकडे पाहून ती गोष्ट मला समजावून सांगे. त्यांचा सद्‌भाव होता, तरीही समजावून सांगावी लागते ती गोष्ट आपली नसते.

थँक्सगिव्हिंग या सणाच्या आठवड्यात संघ फ्लोरिडाला गेला. वसतिगृह रिकामे, भोजनगृह बंद, ग्रंथालय दुपारीच कुलूपबंद. आई चार तास गाडी चालवून आली आणि तिने डब्यातून वरणफळे आणली होती. आम्ही दोघी माझ्या खोलीत लॅपटॉपवर सामना पाहत जेवलो. आईला बास्केटबॉल कळते ते माझ्यामुळे, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या पॉईंट गार्डने दबावाखाली लागोपाठ दोन चेंडू गमावले तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

सर्वांत कठीण दिवस जानेवारीतला. घरचा सामना, दोन गुणांनी मागे, आणि आमची पॉईंट गार्ड पाच फाऊल होऊन बाहेर आली. मुख्य प्रशिक्षकांनी बाकाकडे पाहिले. त्यांची नजर ओळीने एकेका मुलीवरून सरकली, माझ्यावर पोहोचली आणि पुढे गेली. त्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. तयारी असताना, गरज असताना आणि जागेपासून दहा पावलांवर असताना आपला विचारच होऊ शकत नाही, ही जाणीव मात्र मला त्या एका क्षणात झाली तशी पुन्हा कधी झाली नाही. आम्ही तो सामना दोन गुणांनीच हरलो. त्या रात्री मी मैदानावर परत गेले आणि ३०० फ्री थ्रो टाकले. उपयोग होईल म्हणून ते केले नव्हते. त्या दिवशी निदान एकदा तरी माझ्या हातून चेंडू जाळीत जावा, एवढेच वाटत होते.

नियम बदलत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले. खेळाडूने जायचे आहे असे लेखी कळवले की विद्यापीठाने दोन कामकाजाच्या दिवसांत तिचे नाव त्या नोंदवहीत घालायचे आणि मग कोणत्याही प्रशिक्षकाने तिच्याशी बोलायचे. परवानगी मागणे संपले. मी ज्या परवानगीसाठी तीन आठवडे झोपले नव्हते, ती माझ्यानंतर सहा महिन्यांत अनावश्यक झाली. पण बास्केटबॉलमधले बाहेर बसणे तसेच राहिले. एप्रिल २०१९ मध्ये बेलरने नोत्र दामला ८२-८१ असे हरवले तो अंतिम सामना आम्ही सगळ्यांनी एकत्र पाहिला. बेलरची क्लोई जॅक्सन, जिच्या अखेरच्या क्षणांतल्या लेअपने, म्हणजे बास्केटजवळून टाकलेल्या चेंडूने, तो सामना ठरवला, तिने नॉर्थ कॅरोलिना स्टेटहून लुइझियाना स्टेटला जाताना एक हंगाम बाहेर काढला होता आणि बेलरला ती पदवी घेऊन आली म्हणून तिथे तिला थांबावे लागले नाही. त्या लेअपनंतर खोलीतल्या सगळ्या ओरडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

त्याच वर्षी एव्हिना वेस्टब्रुक टेनेसीहून यूकॉनला, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठात, गेली. टेनेसीच्या मुख्य प्रशिक्षक मार्चमध्येच पदावरून दूर केल्या गेल्या होत्या. तरीही तिचा माफीचा अर्ज नाकारला गेला, अपीलही फेटाळले गेले आणि तिने २०१९-२० चा हंगाम बाहेर काढला. तिच्याइतकी नामवंत खेळाडू आणि तितका बलाढ्य संघ असूनही निर्णय तोच लागतो, हे पाहून माझ्या मनातली एक शंका मिटली: आपण अर्ज केला असता तर कदाचित, ही. अखेर एप्रिल २०२१ मध्ये पाचही खेळांना इतरांप्रमाणेच एकदा बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघराज्य न्यायालयाने दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांवरील बंदीही स्थगित केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा जाऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली.

आता दर वसंतात अर्धे संघ बदलतात, प्रशिक्षकांना दरवर्षी नवी घडी बसवावी लागते आणि काही मुली पहिल्या अडचणीलाच निघून जातात, अशी तक्रार मी ऐकते. ती खोटी नाही. माझ्या ओळखीतल्या मराठी कुटुंबांतल्या मुली मला विचारतात, तेव्हा मी त्यांना श्रेयांक आधी मोजायला सांगते आणि रागाच्या आठवड्यात कोणताही अर्ज करू नका, असेही सांगते. पण जुना नियम परत यावा, असे मी कधीही म्हणणार नाही. त्या वर्षाने मला खेळ वाचायला शिकवला, हे मी वर लिहिले आहे. त्याचे श्रेय त्या मुलींना, सहायक प्रशिक्षकांना आणि माझ्या कष्टांना आहे, मला बाकावर ठेवणाऱ्या कलमाला नाही. माझ्या हातात खेळाची मोजकी वर्षे होती. त्यांतले एक माझ्या संमतीशिवाय घेतले गेले आणि ज्यांच्या जाण्यामुळे मला जावे लागले, त्यांचे काहीच गेले नाही.

२०१९ च्या मे महिन्यात माझे ७६ श्रेयांक पूर्ण झाले. बाबांनी फ्रीजवरचा तक्ता काढला नाही, फक्त त्यावर बरोबरची खूण केली. ५ नोव्हेंबर २०१९ रोजी हंगाम सुरू झाला. घरच्या मैदानावरचा तो पहिला सामना मला फारसा आठवत नाही. मी १९ मिनिटे खेळले, सात गुण केले आणि पहिलाच पास चुकवला. आठवतो तो त्यानंतरचा गुरुवार. मी उशी बगलेत धरून बसच्या पायऱ्या चढले, मागून तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसले आणि व्यायामशाळेचे दार काचेतून मागे जाताना पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या एका लांब खोलीत सामन्याआधीचे जेवण होते, टेबले जोडून मांडलेली, भात, कोंबडी, उकडलेल्या भाज्या. मी एक फोटो काढून आजीला पाठवला. वर्ध्याकडे मध्यरात्र उलटत आली असणार, तरी तिचा आवाज लगेच फोनवर आला, “तेरा पानं दिसून रायली. तुह्यं कोनतं हाय?”

डावीकडून चौथे, असे मी लिहून पाठवले आणि फोन पिशवीत ठेवला, कारण मुख्य प्रशिक्षक बोलायला उभ्या राहिल्या होत्या.